जुनी इनोव्हा घ्यावी का? टोयोटाच्या नावात किती दम आणि किती हवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. घरात सात माणसं. एरवी साताऱ्यात आणि आसपास फिरणं, वर्षातून तीन-चार वेळा घाट उतरून कोकणात गावी. २०१४ ची डिझेल इनोव्हा बघितली आहे, मीटरवर १ लाख ६० हजार किलोमीटर, पहिलाच मालक, मागणी साडेसात लाख. तेवढ्याच पैशांत दुसऱ्या कंपनीची चार-पाच वर्षं जुनी सातसीटर मिळते आहे. मेहुणे म्हणतात, टोयोटा म्हणजे डोळे झाकून घ्यायची. आणि तुम्ही विचारताय, हे नाव खरंच तेवढं आहे की लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय?

इनोव्हा घ्या असंच मी सांगेन, पण डोळे झाकून नाही आणि साडेसात लाखांना तर नाहीच. आधी टोयोटाच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर स्वतःच्या गॅरेजमध्ये या गाड्यांच्या खाली आयुष्य गेलं. त्यामुळे नाव कशामुळे झालं, कुठल्या गाड्यांनी केलं आणि कुठल्या गाड्या त्या नावावर नुसत्या बसून येतात, एवढं सांगू शकतो. ते कळलं की भावही आपोआप कळतो.

कंपनीची सुरुवात मोटारीतून नाही, मागातून झाली. साकिची तोयोदा हा १८६७ साली जन्मलेला एका सुताराचा मुलगा. आयुष्यभर त्यानं हातमाग आणि यंत्रमाग सुधारले. १९२४ साली त्यानं मुलगा किइचिरोबरोबर जो स्वयंचलित माग तयार केला, त्यात एक सोय होती: धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. इचलकरंजी-मालेगावच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. माग थांबला नाही तर पुढचं सगळं कापड डागी निघतं, आणि ते बघायला प्रत्येक मागापुढे माणूस उभा करावा लागतो. या मागाचे हक्क १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं १ लाख पौंडांना घेतले. ‘गडबड दिसली की तिथेच थांबायचं, डागी माल पुढे ढकलायचा नाही’ ही सवय पुढे मोटारीच्या कारखान्यात गेली. तिथे लाइनवरच्या कुठल्याही कामगाराला चूक दिसली तर तो दोरी ओढतो, लाल दिवा लागतो आणि जागच्या जागी दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबते.

पण म्हणून पहिल्या दिवसापासून गाड्या चांगल्या होत्या असं नाही. किइचिरोनं १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग काढला आणि १९३५ साली जी१ नावाचा ट्रक बाजारात आणला. तो ट्रक सारखा रस्त्यात बसायचा, मागचा एक्सल तुटायचा. विक्री सांभाळायला जपानमधल्या जनरल मोटर्समधून शोतारो कामिया आला होता. त्यानं धोरण असं ठेवलं की ट्रक बंद पडला की माणूस तिथे पोचला पाहिजे, दुरुस्त झाला पाहिजे आणि काय तुटलं ते कारखान्याला कळलं पाहिजे. त्यातून शेकडो बारीकसारीक बदल झाले. स्वतंत्र मोटार कंपनी १९३७ साली उभी राहिली आणि पुढच्या वर्षी कोरोमो गावात मोठा कारखाना सुरू झाला. त्या गावाचं नावच १९५९ साली टोयोटा झालं.

महायुद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात होती. १९४९ साली अमेरिकी सल्ल्यानं जपाननं कडक आर्थिक शिस्त लावली, पतपुरवठा आटला, ट्रक विकले जाईनात. १९५० साली कामगार कमी करावे लागले, मोठा संप झाला आणि किइचिरोनं जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. काही आठवड्यांतच कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरींनी कंपनी तरली. किइचिरो १९५२ साली गेला, भरभराट त्यानं पाहिलीच नाही. त्याच १९५० साली त्याचा चुलतभाऊ एइजी फोर्डचा कारखाना बघून आला. पैसा नाही, जागा नाही, मग फोर्डसारखे सुट्या भागांचे डोंगर लावायचे कशाला? ताइइची ओनो या अभियंत्यानं हवं तेव्हा, हवं तेवढंच सामान आणायची पद्धत बसवली. आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ती शिकवतात. जन्मली मात्र ती कडकीतून.

आता टोयोटाचं अंधळं कौतुक करणाऱ्यांना हमखास सांगावी अशी गोष्ट. १९५७ साली कंपनी अमेरिकेत गेली आणि क्राउन नावाची गाडी विकायला काढली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांवर ती गाडी उत्तम होती. अमेरिकेच्या महामार्गावर वेग वाढला की थरथरायची, चढाला इंजिन तापायचं. १९५८ या सबंध वर्षात २८७ क्राउन विकल्या गेल्या. शेवटी क्राउन मागे घ्यावी लागली आणि मधली वर्षं अमेरिकेतलं दुकान लँड क्रूझरच्या जिवावर चाललं. ती जीपसारखी गाडी तुटत नव्हती, एवढंच तिचं भांडवल. पुढे कोरोना आली, आणि जपानमध्ये १९६६ साली कोरोला.

कोरोला करणारा तात्सुओ हासेगावा मूळचा विमानांचा अभियंता. त्याचं म्हणणं असं की गाडी सगळ्या विषयांत किमान ऐंशी गुण मिळवणारी हवी, कुठेही नापास नको; पण सगळीकडे नुसते ऐंशी असून भागत नाही, एक-दोन विषयांत नव्वदच्या पुढे गेलं पाहिजे. स्पर्धक निसान सनीचं इंजिन १००० सीसीच्या आत होतं, कोरोलाला जवळपास १०० सीसी जास्त दिले आणि जाहिरातीत तेच वाजवलं. माझ्याकडे येणारा टोयोटाचा मालक आजही जवळजवळ हेच बोलतो. ‘गाडीत मजा नाही हो, पण त्रासही नाही.’ दिसायला बेताची, आतलं प्लॅस्टिक बेताचं, चालवायला जरा कंटाळवाणी. पण एसी, गिअरबॉक्स, इंजिन आणि विकतानाचा भाव यांत नव्वदच्या पुढे.

आपल्याकडचा प्रवास आणखी मजेशीर आहे. ऐंशीच्या दशकात डीसीएम टोयोटा या नावानं हलके ट्रक आले होते, ते फारसे कुणाला आठवत नाहीत. खरी सुरुवात किर्लोस्करांबरोबर झाली, आणि तीही पुन्हा कापडाच्या यंत्रापासून. १९९५ साली बंगळूरजवळ सूतकताईची यंत्रं बनवायला किर्लोस्कर आणि तोयोदांचा तो मागाचा कारखाना एकत्र आले, त्यानंतर दोन वर्षांनी टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली. म्हणजे ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, आताच्या सांगली जिल्ह्यात, माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर काढले, त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर या कंपनीचे भारतातले भागीदार. २०२२ मध्ये ते गेले. भागभांडवलात किर्लोस्करांचा वाटा पहिल्यापासून लहानच. पण आमच्या भागातली म्हातारी माणसं क्वालिसला ‘किर्लोस्करची गाडी’ म्हणायची, त्यात नांगर आणि इंजिन-पंपाचा विश्वास होता.

क्वालिस जानेवारी २००० मध्ये आली तेव्हा मासिकवाल्यांनी तिची टर उडवली होती. इंडोनेशियातल्या किजांगचा जुनाट डबा, ७५ हॉर्सपॉवर, दिसायला पावाच्या लादीसारखी. पण त्या डब्यात आठ-दहा माणसं बसायची, चढाला एसी लावून गाडी चालायची आणि टुरिस्टवाल्याची गाडी महिन्यातले दिवस गॅरेजमध्ये उभी राहायची नाही. तेव्हाच्या बाकीच्या मोठ्या डिझेल गाड्या आठवा: कधी हब बेअरिंग, कधी ऑइल गळती, कधी गिअर अडकतोय. क्वालिसच्या मालकाला पहिल्यांदा कळलं की सर्व्हिस म्हणजे ऑइल-फिल्टर बदलून दुपारी गाडी न्यायची. कंपनीनं २००५ साली ती चालू खपात बंद केली आणि तिच्या जागी इनोव्हा आणली. तेव्हा टुरिस्टवाले हळहळले होते. दोन वर्षांत हळहळ संपली.

इनोव्हा का टिकते, याचं उत्तर गाडीच्या खाली आहे. जाड शिडीसारखी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, त्यावर बॉडी वेगळी बसवलेली, मागची चाकं ओढणारी, अडीच लिटरचं डी-४डी डिझेल आणि ताकद फक्त १०२ पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर. त्याच काळात तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून इतर कंपन्या १३०-१४० काढत होत्या. टोयोटानं इंजिन पिळलं नाही. टर्बो लहान आणि साधा, सगळं आपलं निवांत. ही गाडी मुळात जपानसाठी बनलेलीच नव्हती. हायलक्स पिकअप, फॉर्च्युनर आणि इनोव्हा या एकाच घरातल्या गाड्या, थायलंड, इंडोनेशिया, भारत, आफ्रिका असल्या ठिकाणचे रस्ते, तिथलं डिझेल आणि तिथली ओझी धरून केलेल्या. म्हणून तीन-चार लाख किलोमीटर झालेली, इंजिन एकदाही न उघडलेली इनोव्हा आमच्याकडे नवलाची नसते.

मालकांच्या तक्रारीही ठरलेल्या आहेत. शहरात १० आणि हायवेला १२-१३ च्या पुढे सरासरी जात नाही. रिकामी असली की मागे उसळते, भरली की छान बसते. वळणावर झुलते, आंबेनळी किंवा वरंध घाटात मागच्या सीटवरच्या पोरांना उलट्या होतात. जुन्या मॉडेलचं क्लच पेडल वाहतुकीत पाय दुखवतं. सुटे भाग महाग, त्यातही बॉडीचे. आणि सगळ्यात मोठी तक्रार ती विकत घेतानाची: जुन्या गाडीलाही सोन्याचा भाव. जो गुण विकताना सुखावतो तो घेताना खिसा कापतो. तुमच्या साडेसात लाखांतला मोठा हिस्सा लोखंडाचा नाही, नावाचा आहे.

या नावाला डाग नाहीत असं समजू नका. २००९-१० मध्ये अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या. पायाखालची चटई पेडलमध्ये अडकणं आणि पेडल चिकटणं या कारणांसाठी जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. किइचिरोचा नातू अकिओ तोयोदा नुकताच अध्यक्ष झाला होता, त्याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं राहून माफी मागावी लागली. कंपनी झेपेल त्यापेक्षा वेगानं वाढली, अशी कबुली त्यानं दिली. नासाच्या तपासात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. तरीही ग्राहकांना खरं सांगितलं नाही म्हणून २०१४ साली १२० कोटी डॉलर भरावे लागले. टॅकोमा या पिकअपच्या चॅसी रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं गंजून गेल्या, त्याचाही तिथे मोठा दावा झाला. ऑस्ट्रेलियात नव्या डिझेल इंजिनांच्या धूर-गाळणीवरून, म्हणजे डीपीएफवरून, मालक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये कोर्टानं ती रचना सदोष ठरवली. २०२४ च्या जानेवारीत तर प्रकरण थेट आपल्यापर्यंत आलं. टोयोटाच्याच घरातल्या कंपनीनं काही डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचणीत गडबड केल्याचं उघड झालं आणि इनोव्हाची पुढची पिढी क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स या गाड्या भारतात काही दिवस डीलरकडे पाठवणं थांबलं. इंजिन खराब होतं असं त्यात नव्हतं, चाचणीचे आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून केलेली लबाडी होती. गंमत अशी की ही इंजिनं बनवणारी कंपनी म्हणजे साकिचीच्या मागाचाच मूळ कारखाना. धागा तुटल्यावर थांबायला शिकवणारे तेच.

बाकीच्या मॉडेलांबद्दल थोडक्यात, कारण ‘टोयोटा’ म्हणून सरसकट मत देता येत नाही. इटिऑस दिसायला गरीब, मधोमध बसवलेला मीटर अनेकांना आवडला नाही; पण पुण्या-मुंबईच्या टॅक्सीवाल्याला विचारा, तो हात जोडेल. २०२० मध्ये बंद झाली. कोरोला शांत, आरामशीर. गतिरोधकावर पोट घासतं म्हणून मालक वैतागतो, इंजिनाबद्दल ब्र काढत नाही. फॉर्च्युनर ही आपल्याकडे गाडी कमी आणि पद जास्त. पांढरी, काळ्या काचा, मागे चार मोटरसायकली. मागच्या सीटवर बसणाऱ्याला विचाराल तर खड्डा न् खड्डा मोजून सांगेल. किमतीच्या मानानं आत काहीच नाही, हे मालक स्वतः कबूल करतात आणि पुढची गाडी पुन्हा फॉर्च्युनरच बुक करतात.

ग्लान्झा, रुमियॉन, टायसर या मात्र सुझुकीच्या गाड्या, चिन्ह बदललेल्या. बलेनो, अर्टिगा आणि फ्रॉन्क्स याच. वाईट आहेत असं नाही, सुझुकीचं काम आपल्या ठिकाणी चोख असतं, आणि टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरमधली वागणूक लोकांना आवडते. पण ‘टोयोटा आहे म्हणजे पाच लाख किलोमीटर जाणार’ हा हिशोब तिथे लावू नका. तुमच्या मेहुण्यांची डोळे झाकून घ्यायची गोष्ट इथेच फसते.

नवी इनोव्हा हायक्रॉस ही तिसरीच जात. शिडीची चॅसी गेली, पुढची चाकं ओढणारी, आणि तिची हायब्रिड आवृत्ती पेट्रोल आणि बॅटरीवर मिळून चालणारी. ज्यांनी ही हायब्रिड घेतली ते आवाज नाही, शहरात जुन्या इनोव्हापेक्षा कितीतरी चांगली सरासरी आणि मागच्या सीटचा आराम यावर खूश आहेत. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. टोयोटा १९९७ पासून, प्रियसच्या दिवसांपासून, हेच काम करत आली असल्यामुळे मला त्या यंत्रणेची भीती वाटत नाही. डोंगरात भरलेली गाडी रोज ओढायची असेल तर मात्र लोक अजून क्रिस्टा डिझेलच मागतात, आणि म्हणूनच हायक्रॉस आल्यावरही कंपनीनं ती चालू ठेवली.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. ११-१२ वर्षांत १ लाख ६० हजार हा आकडा अशक्य नाही, पण इनोव्हाच्या बाबतीत मी तो आधी खोटा धरतो. या गाड्या मोठ्या संख्येनं टुरिस्टला चालल्या. पिवळी पाटी काढून पांढरी करून, मीटर मागे फिरवून विकायला ठेवल्या जातात. आरसीवर पहिला मालक बघा, पण गाडी आधी व्यावसायिक पासिंगची होती का तेही आरटीओच्या नोंदीत बघा. दारावर तिरक्या उजेडात बघितलं की काढलेल्या अक्षरांच्या, ‘टुरिस्ट’च्या, खुणा दिसतात. टपावर कॅरिअरची भोकं बुजवलेली असतात. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेनं झिजून गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हरच्या सीटचा डावा-उजवा फोम बसलाय का, मधल्या सीटच्या रुळांत वाळू आणि गुलालाचा थर आहे का, हे बघा. पेडल नवं कोरं आणि सीट कव्हर नवीन, बाकी गाडी जुनी, तर जास्त संशय घ्या.

या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा आहे, साखळी नाही. साखळी पुढच्या क्रिस्टाला आली. साधारण दीड लाखाच्या आसपास मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा लागतो, तेव्हा पट्टा बदलायचा आणि दिवा रिसेट करायचा. आता गंमत बघा: मीटर खरंच १ लाख ६० हजार असेल, तर पट्टा नुकताच बदललेला असला पाहिजे आणि त्याचं बिल असलं पाहिजे. बिल नाही, दिवाही नाही, म्हणजे एकतर कुणीतरी पट्टा न बदलता नुसता दिवा घालवलाय, नाहीतर मीटर फिरलंय. दोन्ही परिस्थितींत पट्ट्याचं काम तुमच्या खर्चात धरा, कारण पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं हेड काढावं लागतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावर जुन्या सर्व्हिसच्या नोंदी असतात. मालकाला सोबत घेऊन जा आणि शेवटच्या नोंदीवरचे किलोमीटर मीटरशी ताडून बघा. जो मालक यायला टाळाटाळ करतो त्याची गाडी सोडून द्या.

बघायला सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना, ते बघा. पहिला सेल्फ मारल्यावर दोन-चार सेकंद थोडा धूर चालतो; पांढरा धूर रेंगाळला आणि सोबत कट-कट असा टोचणारा आवाज आला, तर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, थकलेत. चार इंजेक्टर कंपनीचे नवे टाकायचे म्हटले तर खर्च लाखाच्या घरात जातो. पण इथे एक सांगून ठेवतो. गाडी उभी असताना, आयडलिंगला, इंजिन वरखाली होत असेल, मध्येच बंद पडत असेल, तर पुष्कळ गॅरेजवाले थेट इंजेक्टर किंवा पंप काढायला सांगतात. बऱ्याचदा दोष डिझेल पंपावरच्या सक्शन कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असतो. तो त्या मानानं स्वस्त आणि बदलायला सोपा. आधी तो तपासायचा.

इंजिन तापलं की चालू गाडीवर ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडायला लागलं, आणि भोकातून धूर भकाभका येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात किंवा इंजेक्टरच्या तळाचं सील गळतंय. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे, कारण तीत गाडी पळायला चांगलीच असते. गळतीतून काजळी ऑइलमध्ये मिसळते, डांबरासारखी होऊन तळाच्या जाळीत बसते, ऑइल वर चढत नाही आणि एक दिवस दाबाचा लाल दिवा लागतो तोवर बेअरिंग गेलेलं असतं. या घराण्याच्या डिझेल इंजिनांचा, विशेषतः जुन्या तीन लिटर फॉर्च्युनरचा, हा ओळखीचा आजार आहे. डिपस्टिकवर ऑइल बोटानं घासून बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, पण कणकण लागता कामा नये.

खालून गाडी रॅम्पवर घेऊन बघा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, रॅक एंड आणि मागचे शॉकअप हे सगळं या वयात झिजलेलंच असतं. ते दोष म्हणून धरू नका, हिशोबात धरा. चॅसी मात्र नीट बघा. गाडी रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात राहिली असेल तर मागच्या चाकाच्या वरच्या कमानीत आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. वरवरचा तांबडा गंज घासून रंगवता येतो. टोक आत गेलं किंवा पापुद्रे निघाले तर फुकट दिली तरी नको. नुकताच मारलेला काळाकुट्ट अंडरकोट दिसला तर मुद्दाम खरवडून बघा.

एक सुरक्षेचं. त्या काळातल्या खालच्या व्हेरियंटना एअरबॅग नव्हत्या. स्टिअरिंगवर आणि डाव्या डॅशबोर्डवर खूण आहे का ते पाहा. सात माणसांचं कुटुंब घेऊन घाटात जाणार असाल तर दोन एअरबॅग आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय, असलेलंच व्हेरियंट घ्या, त्यासाठी आणखी चार महिने शोधावं लागलं तरी चालेल. दुसऱ्या कंपनीची चार-पाच वर्षांची गाडी या एका बाबतीत तुमच्या इनोव्हापेक्षा नक्की पुढे असेल. तुम्ही वर्षाला सात-आठ हजारच किलोमीटर चालवणार असाल, सतत भरलेली गाडी नसेल आणि पेट्रोल चालणार असेल, तर तीच घ्या असंही मी सांगेन. इनोव्हा परवडते ती जास्त चालवणाऱ्याला आणि जास्त वर्षं ठेवणाऱ्याला.

कागदाचं एक राहिलं. २०१४ च्या गाडीला २०२९ मध्ये पंधरा वर्षं भरतील. मग पुन्हा पासिंग, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी तेच. डिझेलला तो कर जास्त बसतो. म्हणजे आज घेतलेली गाडी चार-पाच वर्षांनी विकताना आजच्यासारखा भाव येईलच असं धरून चालू नका. इनोव्हाची किंमत पडत नाही हे खरं, पण पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर तीही पडते.

भावाचं सांगतो. पट्ट्याचं काम, चार टायर, खालचे बुश, क्लच प्लेट आणि सगळी ऑइलं यासाठी ८० हजार ते १ लाख बाजूला ठेवा. गाडी वरच्या सगळ्या तपासण्यांत पास झाली, सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी जुळल्या आणि एअरबॅग असतील, तरच सव्वासहापर्यंत जा. नोंदी जुळल्या नाहीत, पण इंजिन निरोगी निघालं, तर मीटर विसरून तिला तीन लाख चाललेली गाडी समजा आणि पाचाच्या वर एक रुपया देऊ नका. मालक अडून बसला तर बसू द्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा त्याच गाडीचं बोलणं पुन्हा काढा. शिवाय पाऊस सुरू असताना गाडी बघितली की काचांची रबरं आणि दारांचे तळ गळतात का, तेही कळतं.